सहावा दगड

१

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिवरगावच्या सरपंच केवळाबाई चहाची कपबशी तोंडाला लावतात न लावतात, तोच नागसेन दारात येऊन उभा राहिला. नागसेन भीमनगरचा पंचायत सदस्य. बोलायच्या आधी हसणारा माणूस. आज काही तो हसला नाही.

"ताई, शाळंच्या जागेवर देव बसलाय."

"काय बोलून राहिलास? कुठला देव?"

"तुमीच बघा येऊन. मला काई इचारू नका."

केवळाबाईंनी कपबशी तशीच ठेवली, पदर खोचला आणि निघाल्या. मागनं त्यांचा धाकटा दीर दयानंद, घरातला दया, तोही चपला अडकवत धावला.

शाळेची जागा म्हणजे गाव आणि भीमनगर यांच्या मधला माळाचा उंचवटा. सरकारी गायरान. गावातली जुनी शाळा सातवीपर्यंत, भिंतींना भेगा, आणि वाढवायला इंचभर जागा नाही. सातवीनंतर जळकोटला जायचं, तर एसटी आली तर आली. पोरी मग घरीच बसायच्या. म्हणून यंदाच्या गाव विकास आराखड्यात केवळाबाईंनी एकच हट्ट धरला होता. माळावर नव्या खोल्या आणि आठवीचा वर्ग. ग्रामसभेत एक माजी सरपंच हणमंतराव सोडले, तर सगळ्यांनी हात वर केले होते. आज दुपारी पंचायत समितीतून आरती मॅडम जागेची शेवटची पाहणी करायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला की काम सुरू. नागसेनची लुंबिनी यंदा सातवीत. तिचं पुढचं शिक्षण या माळावर अडकलं होतं.

आणि त्याच माळावर, ऐन मध्यावर, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी होती.

आमच्या लातूरकडं येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खं गाव शेतात असतं. पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, लक्ष्मीला शाल घालायची, सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी, ताकातली अंबील, बाजरीचे उंडे असा नैवेद्य दाखवायचा आणि मग येईल त्याला पोटभर खाऊ घालायचं. ही कोप अगदी तशीच रीतसर होती. आत पाच पांडव, वर कोरी शाल, पुढं द्रोणात भज्जी. पण शेत नसलेल्या जागेवर कोप कुणी घातली?

चाळीसेक माणसं भोवती उभी होती आणि एकजण बोलेल तर शपथ. लांब बाभळीखाली एक कुत्रं बाजरीचा उंडा दोन पायांत धरून कुरतडत बसलं होतं. त्याला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

"लई जुना देव हाय हा," किराणावाल्या वीरेशची आई, म्हातारी गंगम्मा, काठी टेकत म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या काळचा. गवतात झाकला होता. असल्या जागी पाया खणला तर गावाचं वाटोळं हुईल, सांगून ठेवते."

"परवा मी हितंच उभी होते की," केवळाबाई गर्दीकडं वळल्या. "तुमीबी होता. होता का न्हाई? दिसला का कुणाला देव?"

कुणी मान खाली घातली, कुणी तंबाखू मळायला लागलं. "लक्ष न्हाई दिलं बा," एकजण पुटपुटला.

"काल समदं गाव शेतात, वैनी," दयानंद दात खात म्हणाला. "मोकळं रान सापडलं कुणाला तरी. सापडू द्या फकस्त, टंगडीच मोडतो भाड्याची."

नागसेन केवळाबाईंच्या जवळ येऊन हळू बोलला.

"ताई, आमची माणसं काय म्हणून राहिली ठाव हाय? म्हणतेत, सरपंचबाईला पहिल्यापास्नंच द्यायची नव्हती शाळा. हा त्यांचाच खेळ."

२

दुपारपर्यंत वेळ होता. केवळाबाई तडक हणमंतरावांच्या वाड्यावर निघाल्या. उघड विरोध करणारा तोच एक, संशय पहिला त्याच्यावर जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

चालताना कालचा दिवस डोळ्यांपुढून जात होता. किती छान झाली होती येळवस! शेजारपाजारचे पन्नासएक पाहुणे जेवून गेले. दयानं नेहमीसारखा कर्णाचा वाटा ठेवला. ती त्यांच्या घरची जुनी गंमत होती, बाकी कुठं नव्हती. मग "मोटार बघून येतो" म्हणून तो ओढ्याकडं गेला आणि दिवस मावळता मावळता परत आला. मालक बांधावर घोरत पडले होते. आणि त्याच वेळी इकडं माळावर कुणीतरी त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेत होतं.

हणमंतराव अंगणात, कडबा बारीक करायच्या कुट्टीच्या यंत्रापाशी होते. हसून म्हणाले, "या सरपंचीणबाई! माझ्याच दारात येणार, ठाव होतं मला. चहा घेता का आधी शिव्या देता?"

"अण्णा, कोप तुमी घातली का?"

"सरळ इचारलं, बरं केलं. न्हाई घातली."

"इरोध तर तुमचाच होता."

"होता की! हाय अजून. शाळा गावातच पायजे, हे मी चारचौघांत, तुमच्या तोंडावर बोललो. पडलो एकटा. पण देवाच्या आड लपून बाईमाणसाशी लढायचं? थू! हणमंत अजून एवढा खाली गेला न्हाई." त्यांनी यंत्राकडं बोट केलं. "अन् कोपीला उभ्या पेंढ्या लागतेत. माझ्याकडं आख्खा कडबा हाय का बघा. दिवाळीतच समदी कुट्टी करून ठेवली. माझ्या शेतातली कोपबी यंदा तुराट्यांची होती. इचारा कुणालाबी."

केवळाबाईंनी गोठा पाहिला, मागची गंज पाहिली. खरंच सगळी कुट्टी. एक उभं चिपाड नाही.

"मग कोण, अण्णा?"

हणमंतरावांनी हातावरची कुट्टी झटकली. "ग्रामसभेत हात वर केलेली समदी माणसं तुमची म्हणून तुमी खूश होता. मी समोर बसून त्यांची तोंडं बघत होतो. बाई, चोर बाहेर हुडकू नका. कुंपणाकडं बघा."

केवळाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. हा माणूस घरात भांडण लावून द्यायला बसलाय, त्यांना वाटलं. त्या तशाच फाटकाबाहेर पडल्या. पण 'कुंपण' हा शब्द काही पाठ सोडेना.

३

वीरेशच्या दुकानामागच्या ओसरीवर गंगम्मा सुपारी कातरत बसली होती. केवळाबाई तिच्या पायाशी बसल्या. म्हाताऱ्या माणसाला खालून विचारावं, वरून नाही, हे त्यांना माहीत होतं.

"आज्जी, माझं चुकलंच बघा. एवढा जुना देव, अन् मला ठावच न्हाई. कुठं होता ओ? झाडाखाली का उघड्यावर?"

"लिंबाखाली की! मोठं लिंबाचं झाड होतं तिथं. माझे सासरे तिथंच सावलीला बसायचे."

माळावर लिंब नव्हताच कधी. मुरमाड जागा, तिथं बाभळी तेवढ्या. लिंब होता तो पलीकडच्या शिवारात.

"तुमाला कुणी सांगितलं आज्जी, असं बोला म्हणून?"

गंगम्माची कातर थांबली. "अगं बाई, मला काय कळतंय? पोरांनी म्हणलं, देवाचं काम हाय..."

"आई, आत जा बरं," वीरेश दुकानातून लगबगीनं आला. "म्हातारी झाली ओ, काईबी बोलते."

"कोण पोरं, वीरेश?"

"मला काय ठाव? मी काल हाललोच न्हाई शेतातून. उदगीरचे पाहुणे होते, माझ्या लेकीला, सृष्टीला बघायला आलेले. सोयरिकीचं काम, उठून जाता येतंय होय? अंधार पडस्तोवर त्यांच्या पुढंपुढं करून राहिलो होतो." त्याला घाम फुटला होता. "तुमच्या दयालाच इचारा की. तोच आला होता अंबील प्यायला, दुपार कलल्यावर. पाहुण्यांशी बोललाबी."

"दया आला होता? तुमच्या शेतात?"

"हाव. पेंढ्या..." वीरेशनं जीभ चावली. "म्हंजी, अंबील प्याला अन् गेला."

केवळाबाई उठल्या. वीरेशचं शेत माळाच्या बुडाशी होतं. त्यांची मोटार गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यावर. मोटार बघायला गेलेला माणूस या टोकाला अंबील प्यायला कसा पोचला? आणि पेंढ्या कसल्या?

असेल काहीतरी, त्या मनाशी म्हणाल्या. तरण्या पोराची शंभर कामं असतात. पण पाय मात्र आपोआप माळाकडं वळले.

४

गर्दी पांगली होती. माळावर कोप एकटीच उभी होती. केवळाबाई तिच्यापुढं काही थांबल्या नाहीत. सकाळपासून त्यांना एक गोष्ट टोचत होती. नैवेद्य कोपीपुढं, द्रोणात, न शिवलेला. मग त्या कुत्र्याला बाभळीखाली उंडा मिळाला कुठून?

बाभळीच्या बुडाशी उंड्याचा चुरा सांडलेला होता. त्याच्याशेजारी मुठीएवढा काळा दगड. दगडाच्या माथ्यावर चुन्याचं एकच बोट ओढलेलं.

केवळाबाईंनी तो उचलून हातात घेतला.

लग्न होऊन आल्या तेव्हा दया एवढासा होता. सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात त्याला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं आणि म्हणाल्या, "हा तुझा पहिला लेक." पुढं एका येळवशीला, पांडव मांडताना ते पोर रडायला लागलं. कर्ण बी भाऊच होता की त्यांचा, मग त्याला का न्हाई? काही केल्या ऐकेना. शेवटी केवळाबाईंनी एक छोटा दगड घेतला, चुन्याचं बोट लावलं आणि कोपीपासून लांब, झाडाखाली ठेवला. "तो आपलाच रं राजा, पण पलीकडच्यांच्या बाजूनं उभा राहिला. म्हणून त्यो बाहेर. पण उपाशी न्हाई ठेवायचं." दयानं आपल्या ताटातला उंडा त्या दगडापुढं नेऊन ठेवला. तेव्हापासून दरवर्षी. दाढीमिशा आल्या, तरी कर्णाचा वाटा दयाच ठेवणार.

अख्ख्या पंचक्रोशीत हा सहावा दगड दुसऱ्या कुणी मांडत नाही.

त्यांनी स्वतःशीच वाद घालून पाहिला. कुणी मुद्दाम ठेवला असेल, आपल्यावर बालंट आणायला? पण बालंट आणणारा तो कोपीजवळ, लोकांच्या नजरेत ठेवेल. असा लांब, बाभळीआड कशाला? मालक बांधावर घोरत होते, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पोरगा सत्यम लातुरात, परीक्षेमुळं आलाच नाही. राहिला एकच. खोटे देव मांडायला निघालेला, आपल्या सगळ्या खुणा पुसलेला, पण पांडव मांडून झाल्यावर ज्याचा हात लहानपणच्या सवयीनं सहाव्या दगडाकडं गेला तो. कर्णाला उपाशी ठेवणं ज्याला जमलं नाही तो.

"अरे दया," त्या मोठ्यानं म्हणाल्या. माळावर ऐकायला कुणी नव्हतं. "केसानं गळा कापलास रे माझा."

त्या रडल्या. पदर तोंडात कोंबून रडल्या. सकाळी हाच पोरगा शेजारी उभा राहून टंगडी मोडायची भाषा करत होता. निवडणुकीत हाच दारोदार फिरला होता. नागसेनच्या घरी बसून भाकरी खाल्ली होती आणि लुंबिनीला म्हणाला होता, तुझ्या आठवीचा पहिला बाक मी आणून देणार.

खालून गाडीचा आवाज आला. आरती मॅडम आल्या होत्या, आणि त्यांच्या गाडीच्या मागं अख्खं गाव.

५

आरती मॅडम तरुण होत्या, पण कामाला चोख. त्यांनी कोप पाहिली, मोबाइलमधले जुने फोटो काढून पाहिले.

"फोटोत गवत दिसतंय. गवतात काय होतं ते नाही दिसत. हे बघा केवळाबाई, देवाला हात लावा असं मी कुणाला सांगणार नाही. पण वादातल्या जागेवर मला होकारही देता येत नाही. मांडणाऱ्यानं स्वतः हलवलं, कुणाची हरकत नसली, तर आत्ता होकार देते. नाहीतर खोल्या दुसऱ्या गावाला जातील. यादीत पुष्कळ गावं आहेत."

एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला भीमनगर. मधोमध कोप. नागसेनजवळ लुंबिनी उभी होती, शाळेच्या गणवेशात. केवळाबाईंचा पदराखालचा हात दगडावर घट्ट होता. गप्प बसलं तर घर वाचतं. बोललं तर पोटच्यासारखा वाढवलेला पोरगा चव्हाट्यावर येतो. त्यांनी लुंबिनीकडं पाहिलं आणि मग दयानंदकडं.

"कोप जुनी न्हाई," त्या बोलल्या. "आज्जींनी लिंबाखालचा देव सांगितला, हितं लिंब कधी नव्हता. ही कालची हाय. अण्णांनी घातली न्हाई, त्यांच्या घरी उभी पेंढी न्हाई. वीरेश पाहुण्यांतून उठला न्हाई, पण त्याच्या गंजीतल्या पेंढ्या गेल्या. कुणी नेल्या, ते त्याला ठाव हाय." वीरेश गर्दीत मागं सरकला. "अन् ज्यानं नेल्या, त्यानं पाच न्हाई, सहा दगड मांडले."

त्यांनी मूठ उघडली.

दयानंदनं दगड पाहिला. त्याचा चेहरा असा उतरला, की पुढं काही सांगायची गरज उरली नाही. तरी तो म्हणाला, "वैनी, कुणीतरी मुद्दाम..."

"मुद्दाम न्हाई, सवयीनं. ये हिकडं. ह्याच्यावर हात ठेव अन् आन घे, मी ठेवला न्हाई म्हणून. तेवढं कर. मी तुझे पाय धरते अन् घरी जाते."

दयानंद दोन पावलं आला. हात पुढं केला. मग तो मागं घेतला आणि तिथंच खाली बसला.

"पुढच्या खेपंला सरपंचाची जागा खुली हाय," तो मान खाली घालून बोलू लागला. "तूच सरपंच, म्हणली गावातली माणसं. फकस्त शाळा गावाबाहेर जाऊ द्यायची न्हाई. आपली लेकरं वस्तीच्या दारात शिकायला जावीत, हे कुणालाच नको होतं, वैनी. पर उघड नको म्हणायची लाज वाटत होती. म्हणून हात वर केले समद्यांनी."

"अन् तू?"

"मीबी केला."

"माझ्या तोंडावर एकदा नको म्हणाला असतास, तर मी भांडले असते, रडले असते, पुन्हा जेवायला वाढलं असतं तुला." केवळाबाईंनी हणमंतरावांकडं बोट केलं. "अण्णांनी नको म्हणलं, मी त्यांना वैरी समजले. वैरी बरा की रे! तोंडावर तरी बोलला."

"मी एकट्यानं घातली न्हाई कोप," दयानंदनं मान वर करून गर्दीकडं पाहिलं. "शाल कुणाच्या घरची, भज्जी कुणाच्या घरची, इचारा की."

सकाळी लक्ष न दिलेली माणसं आताही मातीकडं बघत होती. नागसेन एकेकाच्या तोंडाकडं पाहत होता. यातल्या किती जणांच्या लग्नात तो वाढायला उभा राहिला होता, कुणास ठाऊक.

"उचल," केवळाबाई म्हणाल्या.

दयानंदनं उठून एकेक पांडव ओटीत घेतला. मग गर्दीतून हणमंतराव पुढं आले आणि त्यांनी कोपीची पहिली पेंढी उपटली. "माझा इरोध अजून हाय, मॅडम," ते आरतीला म्हणाले. "लिहून घ्यायचा तर घ्या. पर देवाचा आडोसा नको मला. जागा मोकळी हाय."

"कुणाची हरकत?" आरती मॅडमनी विचारलं.

यावेळी हात वर करायला कुणाचा हात उठेना आणि नको म्हणायलाही कुणाचं तोंड उघडेना. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली आणि जागेला होकार दिला.

लुंबिनी हसली. नागसेनचा चेहरा हलला नाही. जाताना तो केवळाबाईंसमोर थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "उपकार झाले, सरपंच मॅडम." त्या दिवसानंतर त्यानं त्यांना पुन्हा ताई म्हटलं नाही.

६

पुढची येळवस आली तेव्हा माळावर भिंती छतापर्यंत पोचल्या होत्या. तोवर आठवीचा वर्ग भीमनगरच्या विहारात भरत होता. लुंबिनी पहिल्या बाकावर. तो बाक पंचायतीनं आणला होता.

केवळाबाईंनी शेतात कोप घातली, पाच पांडव मांडले, शाल घातली. पाहुणे आले, जेवले. नागसेनला निरोप धाडला होता. त्यानं लेकीला पाठवलं, स्वतः आला नाही.

दयानंद आता वेगळा राहत होता. सरपंच करतो म्हणणाऱ्यांनी त्याला दुसऱ्याच दिवशी ओळख द्यायची सोडली होती. दुपार कलताना तो बांधापलीकडं, झाडाखाली येऊन उभा राहिला. आत आला नाही, परतही गेला नाही.

"बोलवू का?" मालकांनी विचारलं.

सहावा दगड चुलीजवळच पडला होता. केवळाबाईंनी तो उचलला, पुसला आणि पुन्हा खाली ठेवला. मग ताट घेतलं. दोन उंडे, भज्जी, तांब्यात अंबील. ताट जवळ बसलेल्या लुंबिनीच्या हातात दिलं.

"तेवढं त्या झाडाखाली नेऊन दे, बाळ."

"काकांना आत बोलवू?"

"न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "आत न्हाई. पर उपाशी न्हाई ठेवायचं."